बँक बुडवणाऱ्या बायका

बँकेच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्या टेबलावर उदबत्ती लावली. देवाच्या फोटोपुढची पेटती काढली आणि माझ्या टाइपरायटरशेजारी पेनस्टँडमध्ये खोचली. सगळा स्टाफ बघत होता. मग खिडकी सताड उघडत म्हणाले, "परवा दिल्लीहून संसदेची समिती येतेय. तुझ्या घरचा वास घरीच ठेवून येत जा."

कॅशियर फिस्सकन हसला. शेजारच्या टेबलावरच्या बाई फाइलमध्ये बघत राहिल्या. त्यांना साहेब 'अहो' म्हणायचे. मला 'तू'.

मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आय अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. मी रोज दोनदा साबण लावून अंग धुवायचे, मगच बँकेत यायचे. तरी उदबत्ती.

केबिनच्या दारातून साहेब परत वळले. "आणि हो, तुमच्यातल्या सात-आठ बायका घेऊन ये परवा. लुगडी चांगली, अंगावर सोनं, केसात वेण्या. जुहूच्या हॉटेलात मेंबरांचं स्वागत करायचंय. एखादा नाच पण बसव."

वास नको होता. लुगडं हवं होतं.

समिती का येत होती, ते सांगते. आमची अंधेरीची शाखा मूळची एका शेठच्या छोट्या खाजगी बँकेची. मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि शेठने मला नोकरी दिली. मला वाटलं, मी हुशार म्हणून दिली. पुढे कळलं, कोळणीचा पैसा कोळणीच्या पोरीच्याच हातून बाहेर येतो, हे त्याला ठाऊक होतं. मी सकाळी पासबुकांचा गठ्ठा घेऊन कोळीवाड्यात फिरायचे. बायका कमरेची पिशवी सोडून ओल्या नोटा काढून द्यायच्या.

आमच्या शेजारची तुळसामावशी विधवा. नवऱ्याच्या होडीला इंजिन बसवायचं, म्हणून पैसे ठेवत होती. तिला वाचता येत नव्हतं. पावती उलटी धरायची आणि म्हणायची, "तू हायस ना गो तिथं? मंग झालं."

एक दिवस शटर अर्ध्यावर आलं. शेठने जावयाच्या आणि मेव्हण्यांच्या बिल्डिंग कंपन्यांना बँकेतला पैसा वाटला होता. तो परत आलाच नाही. वरून हुकूम आला, व्यवहार बंद. बायका टोपल्या खाली ठेवून फुटपाथवर बसून राहिल्या. काही महिन्यांनी सरकारने ती बँक एका मोठ्या सरकारी बँकेत घातली आणि भगदाड सरकारी तिजोरीतून बुजवलं. खुर्च्या त्याच राहिल्या, शेठचे साहेबही तेच, फक्त पाटी बदलली. माझी नोकरी वाचली. बायकांना निम्मेअर्धे मिळाले. बाकीचे 'वसुली होईल तसे'. वसुली कधी झालीच नाही.

तुळसामावशी माझ्या दारात येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर तिने होडी विकली. आता दुसऱ्याच्या ओट्यावर मजुरीने कोळंबी सोलायची.

वर्षं गेली. सरकारच्या ऑडिटरांनी विचारलं, जनतेचा एवढा पैसा ह्या भगदाडात का ओतला? प्रकरण संसदेत पोचलं. म्हणून समिती.

त्या समितीपुढे ठेवायची नोट उदबत्तीच्याच दिवशी दुपारी माझ्याकडे टायपिंगला आली. तिसऱ्या परिच्छेदावर माझी बोटं थांबली. बँक बुडण्याचं मुख्य कारण दिलं होतं: मच्छीमारांनी होड्यांसाठी घेतलेली कर्जं फेडली नाहीत.

होड्यांची कर्जं बोटांवर मोजण्याएवढी होती. सगळी फिटली होती. छोट्या-मोठ्या सगळ्या कर्जांच्या नोंदी मीच केल्या होत्या, माझ्या अक्षरात.

मी केबिनमध्ये गेले. "साहेब, हे खरं नाही."

"तू टायपिस्ट आहेस ना? टाइप कर."

मी केलं. इथे खोटं बोलणार नाही. चार कार्बन लावून, एकही चूक न करता टाइप केलं. आणि संध्याकाळी कोळीवाड्यात जाऊन बायकांना सांगितलं, आपल्या बँकेच्या कामासाठी दिल्लीची मोठी माणसं येतायत, स्वागताला चला.

तुळसामावशीचे डोळे लकाकले. "आमाला विचारतील? पैशाचं?"

"विचारतील कदाचित," मी म्हणाले. कोणी काही विचारणार नव्हतं. मला माहीत होतं.

आय टोपली धूत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाय येयाची. ज्यांनी पैसं खाल्लं त्यांच्यापुढं नाचू?" ती आली नाही. बाकीच्या आल्या.

हॉटेलच्या पुढच्या दारातून आम्हाला सोडलं नाही. मागच्या गेटने घेतलं, जिथून मासळी आत जाते. आमच्यातल्या दोघी रोज त्याच गेटवर सुरमई द्यायच्या. वॉचमनने ओळखलं आणि हसला, "आज क्या लाया?"

हॉलमध्ये गारवा एवढा की बायका एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. साहेब माझ्या कानाशी आले. "तू बोलायचं नाहीस. कोणी काही विचारलं तर मी आहे."

मेंबर आले. बायकांनी ओवाळलं. नाचल्या. फोटोग्राफरने तुळसामावशीला हात धरून पुढे ओढलं, कारण तिच्या केसातली अबोलीची वेणी मोठी होती. अंगावरचं सोनं तिचं नव्हतं, शेजारणीचं होतं.

समितीचे अध्यक्ष, पांढरं धोतर नेसलेले म्हातारे गृहस्थ, कौतुकाने म्हणाले, "ये बहनें कौन हैं?"

साहेब इंग्रजीत बोलले. हसत हसत. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: "सर, नोटमध्ये लिहिलेत ते कर्जदार हेच. बँक ह्यांनी बुडवली. पण नाचतात छान."

तीन-चार जण हसले. तुळसामावशीही हसली. ते हसले म्हणून.

मग मला कोपराने ढोसून विचारलं, "काय बोलला गो?"

साहेब माझ्याकडे बघत होते. फक्त बघत होते. त्या नजरेत माझी नोकरी होती, आयची औषधं होती, माझं सगळं होतं. मला काहीही सांगता आलं असतं. 'छान नाचलात म्हणाले' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. मावशी आणखी एकदा हसली असती.

तिचं ते हसू मला सहन होईना.

मी मोठ्याने म्हणाले, "मावशे, तो बोलला, बँक ह्या बायकांनी बुडवली. आणि बोलला, पण नाचतात छान."



मावशीने आरतीचं ताट खाली ठेवलं. फेकलं नाही. नीट ठेवलं. पदर कमरेला खोचला आणि अध्यक्षांच्या समोर जाऊन उभी राहिली. "साहेब, मी कर्ज कंदी घेतलंच नाय. मी ठेवलं होतं."

ते वाक्य मी हिंदीत सांगितलं. मग माझ्या तोंडून आपसूक पुढचं निघालं, मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत. "ही नोट मी टाइप केली. ती खोटी आहे. मोठ्या कर्जांचं रजिस्टर मागवा. जावयाचं नाव बघा, मेव्हण्यांची नावं बघा."

साहेब ओरडले, "शी इज नॉट वेल, सर!"

अध्यक्षांनी हात वर केला. रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "बेटी, समिती अफसरों की बात सुनती है. आपको जो कहना है, लिखकर दिल्ली भेजिए."

म्हणजे ज्याने बुडवली त्याच्या माणसांना खुर्ची आणि चहा. जिची बुडाली तिने पोस्टाने बोलायचं.

आम्हाला बाहेर काढलं. मागच्याच गेटने. दार बंद होताना एका मेंबरचा आवाज आला, "वो रजिस्टर कहाँ है?" साहेबांचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

गेटबाहेर, रेतीत उभी राहून मी बायकांना सगळं सांगितलं. नोट काय होती, ती टाइप कोणी केली, आणि दोन दिवस आधीपासून मला सगळं ठाऊक होतं हेसुद्धा.

तुळसामावशीने केसातली वेणी काढून हातात घेतली. "मंग आमाला नाचाया कशाला नेलंस?"

ती पुढे चालायला लागली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

दुसऱ्या दिवशी मेमो. आठवड्यात मुलुंडला बदली. चौकशी लावली, पगारवाढ रोखली. युनियनचा माणूस घरी आला. "दोन ओळी लिहून दे ना यार. भावनेच्या भरात बोलले म्हणायचं. वाट लावतील तुझी." मी म्हणाले, भीतीच्या भरात मी टाइप केलं होतं. बोलले ते शुद्धीवर.

पुढे समितीचा अहवाल आला. मी मिळवून वाचला. होड्यांच्या कर्जाचं ते वाक्य त्यात नव्हतं. पण शेठचंही नाव नव्हतं. मोठ्या कर्जांचं रजिस्टर 'उपलब्ध होऊ शकले नाही', आणि समितीने 'नापसंती व्यक्त केली'. बायकांच्या उरलेल्या पैशांबद्दल एक अक्षर नाही.

त्यानंतर साहेबांनी मला अंधेरीला बोलावून घेतलं. समोर माफीनामा, टाइप करून तयार. फक्त सही बाकी. "रिपोर्ट आला, विषय संपला," ते म्हणाले. "सही कर आणि नोकरी सांभाळ."

मी उभीच होते. त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. बसा म्हणायची वाट पाहिली नाही. कागद त्यांच्याकडे परत सरकवला. "सही होणार नाही."

"मग घरी बसशील."

"बसेन. पण लिहीन. तुमच्या अध्यक्षांनीच सांगितलंय, लिहून पाठवा."

ते लिहिलेलं आता पाठवते आहे. रजिस्टर गायब झालं, मी झालेली नाही. ज्या नोंदी मी केल्या त्या मला पाठ आहेत, नावांसकट. पहिला गुन्हा माझा लिहिलाय: खोटं आहे हे माहीत असून मी टाइप केलं. दुसरा शेठचा. तिसरा साहेबांचा. उत्तर आलं नाही तर परत पाठवेन. ही समिती गेली तर पुढच्या समितीला पाठवेन. तुळसामावशीकडे मी माफी मागणार नाही, तेवढा हक्क मला नाही. पण ह्यापुढे माझ्या बोटांखालून तिच्याविरुद्ध एकही खोटं अक्षर उमटणार नाही. कोणीही सांगो.