हा सल्ला मेश्राम सरांचा नाही

१. मेश्राम सर मार्चच्या सुरुवातीला गेले. इथे आखातात, गुदैबियातल्या घरी, ऑफिसला निघता निघता. हार्ट अटॅक.

२. त्यांचा एक रिपोर्ट अर्धवट होता. त्यांनी तो मुद्दाम अर्धवट ठेवला होता.

३. ऑफिसने तो पूर्ण करून क्लायंटला पाठवला.

४. पहिल्या पानावर सरांचं नाव आहे. आतला सल्ला त्यांचा नाही.

आमचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

इथल्या सीफ भागातल्या एका टॉवरमध्ये बसून आम्ही अमेरिकेतल्या डोंगरांवरच्या हरणांच्या संख्येचा अंदाज बांधतो. म्यूल डिअर. खेचरासारखे मोठे कान असतात, म्हणून हे नाव.

तिकडे परवाना काढून शिकार करता येते. यंदा किती नर आणि किती माद्या मारू द्यायच्या, हे तिथलं वन्यजीव खातं, म्हणजे आमचा क्लायंट, दरवर्षी ठरवतं. त्यासाठीचं मॉडेल आमच्याकडे असतं.

काही पाडसांच्या गळ्यात रेडिओ कॉलर असतात. कॉलर बराच वेळ हलली नाही की सिग्नल येतो. बहुतेक वेळा पाडस मेलेलं असतं.

सर भंडाऱ्याचे. बर्फ त्यांनी कधीच पाहिला नव्हता. "आपला बर्फ डीपफ्रीझरातला," म्हणायचे.

एसीचा रिमोट मात्र त्यांच्याच ड्रॉवरमध्ये.

"हरणं तिकडं थंडीनं मरून रायली, अन् तू इथं सोळावर एसी लावून बसली. काऊन व पोरी?"

यंदा तिकडचा हिवाळा फार कडक होता. फेब्रुवारीत माझं मॉडेल रन झालं. आकडे बरे दिसत होते. मी म्हटलं, "सर, पाठवूया?"

"मार्च जाऊ दे. एप्रिल पाहू."

"पण बर्फ वितळायला लागलाय."

"बर्फ वितळला की माणसाला वाटते हिवाळा संपला. पाडसाच्या अंगातली चरबी तवाच संपते. हिरवा चारा येईपर्यंत ते टिकत नाही. मरायची खरी वेळ आता सुरू होते."

आणि माद्यांबद्दल ते अडूनच बसले होते. "नर कमीजास्त झाले तर कळप सावरते. माद्या मारल्या तर पुढची पाडसं कुठून आणशील?" ज्या भागात जास्त मरतील, तिथे यंदा माद्यांचे परवाने बंद, हा त्यांचा सल्ला होता. कोणते भाग, ते एप्रिलनंतर लिहायचं होतं.

आमचे मॅनेजर ठाण्याचे. त्यांना घाई होती.

"क्लायंटला डेट दिलीय, मेश्राम. असम्प्शन लिहा, पाठवा, खलास."

"असम्प्शन लिहिल्यानं पाडसं जगतात का, साहेब?"

त्याच आठवड्यात सर गेले.

त्यांचं पार्थिव विमानाने नागपूरला न्यायची कागदपत्रं करायला मी मेश्राम काकूंबरोबर फिरत होते. रजेवर होते. परत आले तेव्हा रिपोर्ट गेलेला होता.

फेब्रुवारीचे आकडे. माद्यांचे परवाने गेल्या वर्षीइतकेच, सगळ्या भागांत.

त्यानंतर एप्रिलभर सिग्नल येत राहिले. सरांनी सांगितलं होतं तसेच, बर्फ गेल्यावर. मी ते मॉडेलमध्ये घातले, नवे आकडे मॅनेजरना मेल केले. उत्तर नाही.

मग केबिनमध्ये गेले.

"सल्ला बदला, नाहीतर सरांचं नाव काढा."

"अगं, नाव आपण मानाने ठेवलंय. ट्रिब्यूट आहे तो."

"त्यांनी जे लिहायला नकार दिला, त्याच्यावर?"

"तू इमोशनल होते आहेस."

मी इमोशनल नव्हते. मी ग्राफ दाखवत होते.

ऑफिसच्या पेजवर मेणबत्तीचा फोटो आहे. खाली लिहिलंय, "त्यांचं काम आम्ही पूर्ण केलं." तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पोस्ट लाइक केली आहे. म्हणून इथे लिहिते आहे.

काल काकूंचा फोन आला. "सरांनी शेवटचं काय लिहिलं, ते पाठव ना. घरी ठेवते." मागून त्यांची मुलगी म्हणाली, "दीदी, जस्ट सेंड द पीडीएफ. आय विल रीड इट टू आई."

मी म्हटलं, पाठवते. पाठवलेलं नाही. बाबांच्या नावाखाली तिने काय वाचायचं?

तिकडे परवाने अजून ठरलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांची बैठक आहे. सुधारित रिपोर्ट तोवर पोचू शकतो. तो तयार आहे.

सर, तुम्ही सांगितलं होतं तसं एप्रिलपर्यंत थांबले. आकडे तुमच्या बाजूने आले. त्यात आनंद काहीच नाही.

जय भीम, सर.

मॅनेजर साहेब, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात, हे वाचालच. सुधारित रिपोर्ट पाठवणार आहात, की जुन्या रिपोर्टवरून सरांचं नाव काढणार आहात, हे मला येत्या गुरुवारी ऑफिस सुटायच्या आत मेलवर कळवा.