भुवईवरची खूण

कू बोन्सिकचा उभा जन्म मच्छीमार संस्थेच्या बर्फाच्या कारखान्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर तो फोटोग्राफर झाला. झाला म्हणजे आपला आपणच झाला, कुणी केला नाही. नाद तसा जुनाच. तरुणपणी कारखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीला घोंगडी लावून तो फिल्म धुवायचा आणि संस्थेच्या साहेबांच्या शिव्या खायचा. पुढे लेकीनं, जिनानं, राजधानीतून, सोलहून नवा कॅमेरा आणि प्रिंटर पाठवून दिला तेव्हा म्हातारपणी त्या नादाला पुन्हा पालवी फुटली.

"इतकी वर्षं मासे गोठवलेत, आता माणसं गोठवा," असं बायको म्हणायची. म्हणायची आणि मदतीला मात्र पुढे असायची.

तो काढायचा एकाच तऱ्हेचा फोटो. आमच्याकडे माणूस धडधाकट असतानाच आपला शेवटचा फोटो काढून ठेवतो. शेवटचा म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून त्याला दीर्घायुष्याचा फोटो म्हणायचं. चौकट करून, कापडात गुंडाळून तो कपाटात अखेरच्या वस्त्रांशेजारी ठेवून द्यायचा. वेळ आली की तोच फुलांत मांडतात, आणि पुढे दरवर्षी श्राद्धाच्या मेजावरही तोच. बोन्सिकच्या आईनं असा फोटो काढला नव्हता. ती गेल्यावर ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून घेतला, तर ओठांच्या जागी नुसते ठिपके आले. त्या ठिपक्यांना नमस्कार करताना त्याला इतकं वाईट वाटलं, की गावात पुन्हा कुणावर अशी पाळी येऊ द्यायची नाही असं त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं.

गावच्या सभागृहात उत्तरेच्या खिडकीपाशी करडी चादर टांगायची आणि तिच्यापुढे स्टूल मांडायचं. समुद्रावर बसायला नेतात ती चंदेरी चटई बायकोनं खाली बसून मांडीवर धरायची, म्हणजे हनुवटीखाली उजेड पडतो आणि गालांचे खड्डे भरून येतात. रेशमी अंगरखा गावात मिळून एकच, फिकट हिरवा. प्रत्येक म्हातारी तोच चढवायची आणि खाली शेतातली फुलाफुलांची विजार तशीच. वरून राणीसाहेब, खालून लसणाचा वाफा. चेहरे ताठले की बोन्सिक विचारायचा, "काकी, कुठली सून जास्त बेचव रांधते?" आणि चेहरा खुलला की तेवढ्यात बटण दाबायचा.

खरं काम घरी, संगणकापुढे. डाग, चामखिळी, व्रण, सगळं तो झाडून काढायचा. पापण्या जरा उचलायच्या, केस जरा दाट करायचे. वय दहा वर्षांनी उतरवायचं, त्याहून जास्त नाही, असा त्याचा नियम होता. "जास्त उतरवलं तर न्यायला येणारा दूत गोंधळेल आणि शेजारणीला घेऊन जाईल," असं तो म्हणायचा आणि म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवून हसायच्या.

सोलमीदेक आली ती लसूण लावून झाल्यावर, थंडीच्या तोंडाशी. सोलमी हे तिचं माहेर, देक म्हणजे तिथून आलेली. आमच्या गावात लग्न करून आलेल्या बाईला माहेरच्या गावानंच हाक मारतात. तिचं स्वतःचं नाव बहुधा तिच्या मुलालाही कागद काढूनच सांगावं लागलं असतं. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि जीभ मात्र धारदार.

तिनं रुमालाची गाठ सोडली. आत अंगठ्याच्या नखाएवढा फोटो होता, मधोमध घडी पडलेला. टोपी घातलेला एकवीस वर्षांचा पोरगा. तिचा नवरा. वर्षभराचा संसार करून तो युद्धावर गेला आणि त्याची राखसुद्धा आली नाही. मुलगा जोंगदू त्याच्या पाठीमागे जन्मला.

"बोन्सिक, यांना म्हातारं करून दे," ती म्हणाली.

"काकी, लोक माझ्याकडे तरुण व्हायला येतात."

"ते मूर्ख आहेत. हे बघ, मी गेले की जोंगदू माझा फोटो यांच्याशेजारी मांडणार. श्राद्धाला हे जेवायला येणार. आणि बघणार काय, तर शेजारी कुणाची तरी आजी बसलीय! आधीच लाजाळू माणूस. उपाशीच उठून जातील रे."

बायकोनं चटई खाली ठेवली आणि ती उगीचच खिडकी पुसू लागली.

बोन्सिकनं ते काम मनावर घेतलं. नखाएवढा चेहरा मोठा केला, घडीची रेघ ठिपक्याठिपक्यानं बुजवली. मग जोंगदूला बसवून त्याचे फोटो काढले आणि लेकाच्या कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या बापाच्या चेहऱ्यावर नेऊन बसवल्या. गाल ओघळवले, केस पिकवले. हिवाळाभर तो त्या पोराला म्हातारा करत होता. मनासारखं जमल्यावर जाड कागदावर छापलं आणि स्वतः घेऊन गेला.

सोलमीदेकनं फोटो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. आणि तो जवळजवळ फेकलाच.

"अरे मेल्या, हा तर माझा सासरा!"

"काय?"

"तोच! तीस वर्षं मला रडवलं या थेरड्यानं. भात कडक झाला, रडव. रस्सा खारट झाला, रडव. याला माझ्या शेजारी बसवतोस? तिथे गेल्यावर भेटणारच आहे, इथे तरी सुटका होऊ दे!" ती हसायला लागली, हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि मग हसू थांबलं तरी डोळे थांबेनात. "म्हणजे हे म्हातारे झाले असते तर असे दिसले असते होय," ती हळूच म्हणाली. "बरं झालं म्हणावं, की वाईट?"

बोन्सिकनं फोटो उलटा करून ठेवला.

शेवटी तिनंच तोडगा काढला. "राहू दे. हे जसे आहेत तसेच असू देत. माझा वेगळा काढ. मी आहे तशी म्हातारी. ओळखतील तर ओळखतील."

फोटो चांगला आला. बोन्सिकनं तो नेहमीसारखाच घरी नेऊन साफ केला, नेहमीसारखाच दहा वर्षांनी उतरवला, आणि चौकट करून दिला. तिला धूसर दिसत होतं. तिनं काचेवर हात फिरवून "छान, छान" म्हटलं. जोंगदू आणि सून दोघंही खूश झाली. कापडात गुंडाळून फोटो कपाटात गेला.

वसंतात जोंगदूनं आईच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढून आणले. आणि लसणाला पाती सुटायच्या सुमारास ती चौकट काखेत मारून बोन्सिकच्या दारात उभी राहिली. या वेळी तिच्या जिभेला धार नव्हती.

"इथलं कुठे गेलं?" तिनं फोटोतल्या डाव्या भुवईच्या वर बोट ठेवलं.

बोन्सिकनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. डाव्या भुवईवर एक बारीक पांढुरकी तिरकी रेघ होती. त्यानं ती इतर डागांबरोबर पुसून टाकली होती. कधी पुसली तेही त्याला आठवेना, इतका तो हात सवयीचा होता.

ती पायरीवर बसली आणि सांगू लागली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत चुलीपाशी लाकूड फोडताना ढलपी उडून तिला लागली. घरात नेमकं दुसरं कुणी नव्हतं. नवऱ्यानं मडक्यातली आंबवलेल्या सोयाबीनची चटणी बोटावर घेऊन जखमेवर दाबली. दिवसाउजेडी त्यानं तिच्या चेहऱ्याला हात लावला तो तेवढाच. पुढे तो युद्धावर निघाला तेव्हा अंगणात अख्खं गाव जमलं होतं. सासऱ्यासमोर नवराबायकोनं बोलायची सोय नव्हती. ती भिंतीपाशी मान खाली घालून उभी. गाडीत चढताना त्यानं वळून बघितलं आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. बस.

"हे मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "सांगण्यासारखं काय आहे त्यात? पण म्हातारी झाले, तोंड बदललं, तरी ही रेघ आहे ना, असं मला वाटायचं. ही बघून ओळखतील. आणि तू तीच पुसलीस."

बोन्सिक शरमला. "काकी, मूळ फोटो आहे माझ्याकडे. पुन्हा छापतो. लगेच छापतो."

"सावकाश छाप. मी कुठे पळून चाललेय?"

मूळ फोटो होता, रेघही जागच्या जागी होती. पण हिवाळ्यानंतर प्रिंटर पडून होता आणि त्याची शाई सुकली होती. कागदावर चेहऱ्याऐवजी पट्टे उमटायला लागले. नवी शाई शहरातून यायची होती. ती आली, तर तोवर लसूण काढणीला आला आणि सगळं गाव वाफ्यात वाकलं. बोन्सिकही वाकला. एवढा लसूण उरकू दे, मग निवांत बसून अगदी नीट छापू, असं तो रोज स्वतःला सांगत राहिला. चूक केली होती म्हणून त्याला ते काम डोळ्यांत भरेल असं करायचं होतं, आणि त्यातच दिवस गेले.

सोलमीदेक वाफ्याच्या बांधावर पाणी प्यायला बसली आणि बसल्याबसल्या गेली.

निरोप आल्यावर बोन्सिक धावत घरी गेला. नवी शाई घातली, प्रिंटर पुन्हा पुन्हा साफ केला. पण जुनी शाई वाळून नळ्या आतून तुंबल्या होत्या. पट्टे, नुसते पट्टे. छापून देणारं दुकान तालुक्यालाही उरलं नव्हतं. बायकोनं त्याचा हात धरला. "अहो जिनाचे बाबा, पुरे आता." त्यानं जुनी पत्र्याची डबी खिशात टाकली आणि तो तालुक्याची बस पकडून निघाला.

अंत्यविधीच्या दालनात पांढऱ्या शेवंतीत सोलमीदेक हसत होती, दहा वर्षांनी तरुण, कपाळ स्वच्छ. समाचाराला आलेले लोक रिवाजाप्रमाणे तिखट लाल रस्सा भुरकत म्हणत होते, "काय सुरेख फोटो काढलाय बोन्सिकनं!" ते ऐकून त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पण तो गेला नाही. जोंगदूला कोपऱ्यात घेऊन त्यानं सगळं सांगितलं.

जोंगदू साठी उलटलेला, लसणासारखाच रांगडा माणूस. 

"कसली खूण? आईच्या कपाळावर काही नव्हतं."

"होतं."

"आयुष्य गेलं तिच्या हातचं जेवण्यात. मला दिसलं नसतं?"

दुसऱ्या दिवशी मृताला आंघोळ घालून अखेरची वस्त्रं चढवतात. तेव्हा घरच्यांना शेवटचं मुख बघता येतं. जोंगदू आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो सरळ फुलांपाशी गेला. चौकट उतरवून त्यानं ती बोन्सिकच्या पुढ्यात ठेवली.

"डावीकडे. भुवईच्या मध्यापासून वर," तो म्हणाला. "कर."

"अहो, हे काय करताय? फोटो खराब होईल!" सून पुढे झाली. जोंगदूनं नुसता हात वर केला आणि ती थांबली.

बोन्सिकनं काच काढली. डबीत फिल्मच्या काळातलं बारीक पातं होतं. पांढरा ठिपका रंगानं बुजवता येतो, पण पांढरं करायचं तर कागदच खरवडावा लागतो. उभ्या जन्मात त्यानं लोकांच्या चेहऱ्यावरचे घाव मिटवले होते, घाव घातला नव्हता. हात कागदापाशी अडला तेव्हा जोंगदूनं त्याचं मनगट खालून धरलं. पातं टेकलं, शाईचा कीस निघाला आणि खालचा पांढरा कागद वर आला, बारीक आणि तिरका.

"माफ करा काकी," बोन्सिक मोठ्यानं म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला.

जोंगदूनं फुंकर मारून कीस उडवला, काच बसवली आणि फोटो जागेवर मांडला. शेजारी नखाएवढ्या फोटोतला त्याचा बाप होता, जोंगदूच्या मुलांपेक्षाही लहान. जोंगदूनं गुडघे टेकून दोनदा नमस्कार केला. उठला, तरी मागे सरला नाही. काहीतरी बोलायचं होतं, पण दालन माणसांनी भरलेलं होतं. त्यानं आईकडे बघितलं आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.