चूलबंद आवतन

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून खरं आवतन देता येतं ते फक्त माझ्या भावाच्या सासऱ्यांना. बाकीचे सगळे नुसत्या पत्रिका वाटतात. सोयरीक आहे म्हणून मी कौतुक करतेय असं समजू नका. सोयरीक असूनही करतेय, यावरून काय ते ओळखा! आबा केंदूरचे. घरी कांद्याची शेती, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडांचं लेंढार आणि या सगळ्यांच्या वर आजी, म्हणजे आबांच्या मालकीणबाई. पांढरा पायजमा, टोपी आणि सदऱ्याच्या खिशात स्टीलची चपटी डबी. डबीत हळदकुंकवानं माखलेल्या अक्षता. घरात लग्न असो नसो, डबी भरलेली. "कुणाचं ना कुणाचं तर निघतंयच की," हे त्यावरचं उत्तर. फोनवरचं बोलावणं त्यांना मान्यच नाही. "व्हाट्सॲपवर बोलवत्यात ना, मग जेवायला बी व्हाट्सॲपवरच जावं," असं म्हणून ते फोन उलटा ठेवतात. एकदा शिक्रापूरच्या चौकात हेल्मेट नाही म्हणून हवालदारानं अडवलं. त्यानं पावती फाडली, आबांनी पैसे भरले, आणि मग डबी उघडून धाकट्या नातवाच्या जावळाचं आवतन त्याच्या हातावर ठेवलं. आला की हो तो हवालदार! बायकोला घेऊन आला, पहिल्या पंगतीला बसला आणि वर आबांना नवं हेल्मेट देऊन गेला.

त्यांच्या आवतनातही प्रकार आहेत. घरटी एकानं यायचं ते साधं. ज्याच्यावर जीव आहे त्याला मात्र चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. आबांचा जीव कुणावरही पटकन जडतो, त्यामुळे त्यांच्या मालकीणबाईंनी आयुष्यभर पातेली मोठीच घेतली. आणि एकदा आलेला पाहुणा उठेल म्हणता? नाव नको. "निघतो आता" म्हणायच्या आधीच त्याच्या चपला गायब झालेल्या असतात. माझी एक चप्पल मला पिठाच्या डब्यामागं सापडली. दुसरी सापडली ती पुढच्या खेपेला. "चहा घेतल्याबिगर चपला घावत न्हाईत आमच्याकडं. जागाच तशी हाय," असं हे गृहस्थ चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगतात.

अशा माणसाला मी माझ्या कामात घेतलं, म्हणजे हातानं धोंडा पाडून घेतला पायावर! पण करणार काय? मी दौंडची, पुण्यातल्या एका अभ्यासगटाचं काम करते. आई-बाप नसलेली किंवा असून नसल्यासारखी पोरं बालगृहात वाढतात आणि अठरा वर्षं पुरी झाली की तिथून बाहेर पडतात. पुढं ती कुठं राहतात, ताप आला तर कुणाला फोन करतात, सणाला कुणाकडे जातात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं, असा आमचा अभ्यास. काम मिळालं तेव्हा मी हरखूनच गेले होते. वाटलं, दारात जायचं, या म्हणायचं, पोरं धावत येतील. कसलं काय! फोन लागेनात. लागले तर अनोळखी नंबर म्हणून कुणी उचलेना. खोल्यांवर जावं तर खांद्याला बॅग, हातात फाइल बघून समोरचा मला कर्जवसुलीची बाई समजायचा आणि दार लागायचं. आबांसोबत मात्र एकदा सहज गेले, तर दारं उघडी, खाट टाकलेली, पाणी पुढं. मग काय, त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून मी रांजणगाव ते कुरकुंभ हिंडायला लागले. फिरायचो दिवसभर, आणि खरं सांगते, इतकी मजा मला कधी कुठल्या नोकरीत आली नाही.

अडचण एकच होती. आमच्या कामाचा पहिला नियम असा की आग्रह करायचा नाही. अभ्यासात यायचं की नाही हे त्या मुलांनी ठरवायचं, आणि "नाही म्हटलं तरी चालेल" हे वाक्य आपण स्वतःहून म्हणायचं. हे ऐकून आबा हबकलेच. "ताई, आग्रह न्हाई तर ते आवतन कसलं? रिकामं ताट पुढं ठिवल्यासारखं!" मी त्यांच्याकडून ते वाक्य घोकून घेतलं. घराच्या ओट्यावर बसून ते नातवाला म्हणायचे, "येतूस का? न्हाई म्हणलास तरी चालंल." मग तोंड कडू करून थांबायचे आणि पुढं हळूच, "पर कसं चालंल?" शेवटी आमच्यात असं ठरलं की आबांनी फक्त माणसाला बाहेर बोलवायचं, पुढचं सगळं मी बोलायचं.

एवढं ठरवून आम्ही सुमनच्या खोलीवर गेलो. सुमन हे तिचं खरं नाव नाही. "लिहा, पण नाव नको," असं तिनंच मला बजावलंय. बालगृहातून बाहेर पडून रांजणगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती, आणि चार मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहत होती. बालगृहातल्या मॅडमनी तिला आमच्याबद्दल आधीच विचारलं होतं. 'येऊन भेटा, पण खोलीवर कुणाला काही माहीत नाही, जपून,' असा तिचा निरोप आला होता. जपून का, तेही मॅडमनी सांगितलं होतं. आधीच्या खोलीत ही बालगृहातली म्हणून कळलं, आणि त्यानंतर कुणाचं काहीही हरवलं की आधी हिची पेटी उचकायची. नवीन खोलीत तिनं सरळ सांगून टाकलं होतं की मला गावाकडं मामा आहे. ती एक थाप होती, आणि त्या थापेच्या जोरावर पोरगी मान वर करून जगत होती. मी आबांना दहादा बजावलं, "आबा, सुमन आहे का, जरा बाहेर बोलवा, एवढंच म्हणायचं. बाकी अवाक्षर नाही." आबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी बॅग घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबले, तिथून दार दिसत होतं आणि बोलणंही ऐकू येत होतं.

दार एका मैत्रिणीनं उघडलं. आपल्याकडं कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला मामा म्हणतात, तशी ती म्हणाली, "कोण मामा?"

आबा म्हणाले, "व्हय, मामाच की!"

झालं! ती आत वळून किंचाळली, "सुमे, अगं तुझा मामा आलाय!" बाकीच्या तिघी लाटणी-कंगवे टाकून धावल्या. कधीपासून ऐकत होत्या त्या मामाबद्दल, आज प्रत्यक्ष दारात! आणि समोर चार पोरी उभ्या दिसल्यावर आबांचा हात आपोआप खिशात गेला. त्यांच्या पुतण्याचं लग्न भांडगावला निघालेलं होतं, डबी ताजी भरलेली. "समद्यांनी यायचं बरं का. चूलबंद! त्या दिवशी ग्यास पेटला न्हाई पायजे." मी गल्लीच्या तोंडाशी कपाळाला हात लावून उभी. अभ्यास बुडाला, नोकरी गेली ती गेलीच, पण त्या पोरीचं आता काय? तेवढ्यात सुमन मोरीतून केस पुसत आली. दारात एक अनोळखी म्हातारा, हातात अक्षता. 'मी ओळखत नाही यांना,' एवढं ती म्हणाली असती की तिची थाप तिथंच उघडी पडली असती. ती नुसती बघत राहिली. आबाही बघत राहिले. मला वाटतं आपण काय करून बसलो ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "लई दिसांनी आलो, सुमे. रागावली न्हाईस न्हवं?"

सुमन म्हणाली, "आलात व्हय? बसा की."

चहा पिऊन आबा बाहेर आले, पोचवायला म्हणून ती पाठोपाठ आली. गल्लीच्या टोकाला मी तिची माफी मागितली, कोण काय ते सांगितलं, अभ्यासाचं सांगितलं, आणि नियमाप्रमाणे म्हणाले, "नाही म्हटलंस तरी चालेल."

"मग नाही," ती म्हणाली. "आधी हो म्हणणार होते. पण आता नको वाटतंय. सारखं तेच सांगायचं कुणाकुणाला."

आबांनी तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्यांनी उपरण्याचा बोळा करून तोंडावर धरला. सुमन त्यांच्याकडे वळली. "आणि लग्नाला नाही म्हणलं तर चालंल का?"

"ते मातूर न्हाई चालायचं!" आबा उपरण्यातून म्हणाले. ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच हसली.

घरी आबांच्या मालकीणबाईंनी हजेरी घेतली ती वेगळीच. "भाची येणार म्हंजी? तुम्हाला बहीण न्हाई, मग भाची कुठनं आणली?" आबा म्हणाले, "आवतनातनं." लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात मात्र आजी स्वतः उभ्या होत्या. पाचही पोरी नटूनथटून आल्या. मी सुमनच्या मागंमागं राहिले, कारण लग्नात एक तरी म्हातारी असतेच जी सगळ्यांचं मूळ-कूळ काढते. ती आलीच. सुमनची हनुवटी धरून, मैत्रिणींच्या देखत म्हणाली, "कुणाची गं तू?" सुमनचा चेहरा पांढरा पडला. आजी पाठमोऱ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आमच्या ह्यांची भाची हाय ती. सुमे, रिकामी हुभी काय ऱ्हायलीस? ते अक्षतांचं ताट घे आन् वाट जा बायकांत." आणि पोरगी ताट घेऊन पळाली. एकेकीच्या हातावर अक्षता ठेवत सगळा मांडव फिरली. परतीला आबांनी पाचजणींना केंदूरला नेलं, आणि अर्थातच तिथं चपला सापडेनात. मुक्कामच पडला.

पुढं वर्ष उलटलं. सुमननं स्वतःची वेगळी खोली घेतली, छोटीशी, नवी शेगडी आणली आणि आबांना फोन केला. मी तेव्हा आबांच्याच ओट्यावर बसले होते. "मामा, रविवारी जेवायला या. जमलं तर. नाही जमलं तरी चालंल." आबांचा चेहरा असा पडला म्हणता! "आसं आवतन आसतंय व्हय? ताईंनी बिघडवली तुला. ठिव फोन, आन् नीट कर परत." आयुष्यात पहिल्यांदा ते फोनवरच्या बोलावण्यासाठी फोन हातात धरून बसले. फोन वाजला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "मामा, चूलबंद यायचं. मामींना घेऊन, पोराबाळांना घेऊन. आला नाहीत तर मीबी जेवणार नाही." एवढं बोलून तिनं फोन ठेवला, आणि आबांनी घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

रविवारी अख्खं घर पिकअपमध्ये कोंबून रांजणगावला निघालं. निघताना आबांनी स्वतः आत जाऊन चूल पाहिली, विझलेली आहे ना म्हणून. मलाही बोलावणं होतं, "पण तुमचं ते विचारायचं नाही," या अटीवर. एवढ्याशा खोलीत आम्ही तीन पंगती केल्या. वांग्याची भाजी जरा खारट झाली होती. आबांनी ती तीनदा मागून घेतली.

आमचा अभ्यास आता संपला. पुष्कळ पोरं आली, बोलली, त्याचं जाडजूड काहीतरी छापलंही गेलं. सुमन त्यात कुठंच नाही. ताप आला की ती कुणाला फोन करते, सणाला कुणाकडे जाते, हे मी तिला विचारलं नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही. मला आपली त्या दुपारची आठवण येते. जेवणं झाली, पिकअपवाला हॉर्न वाजवायला लागला, सगळे उठले. आबा दारात गेले आणि खाली बघत राहिले. चपला नव्हत्या. नातवंडांनी शोधलं, सुनांनी शोधलं, मी शेगडीखालीसुद्धा वाकून पाहिलं. सुमन भिंतीला टेकून उभी होती, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

"कुठं गेल्या काय माहीत," ती म्हणाली. "जागाच तशी आहे. चहा ठेवू?"

आबा अनवाणीच आत आले आणि पुन्हा भिंतीशी मांडी घालून बसले. टोपी काढली, डोळ्यांवरून फिरवली, परत घातली.

"ठिव बाई," ते म्हणाले. "काय घाई न्हाई."