आग्नेसच्या शेजारची जागा

माणसं थोडी आणि देव मोठा असला की किस्से फार साठतात. सत्तरच्या दशकातल्या आमच्या सोलापूरच्या चर्चचं तसंच होतं. मी शाळेची पायरी चढले नाही. प्रार्थनेच्या पुस्तकावरून स्वतःच वाचायला शिकले, त्यामुळे फादरांचं ऐकायचे, पण पटलं तरच!

आम्हा कॅथलिकांत प्रत्येकाला जन्मापासून एक रक्षकदूत असतो. दिसत नाही, पगार मागत नाही, रजा घेत नाही. होटगीजवळच्या रेल्वे फाटकावरच्या पास्कलची बायको आग्नेस तर आपल्या दूतासाठी शेजारी जागाच सोडायची.

नाताळच्या मिस्साला, म्हणजे मोठ्या प्रार्थनेला, चर्च तुडुंब भरलेलं. मी उभी.

"आग्नेस, सरक की!"

"मावशी, हितं माझा दूत बसलाय."

"त्याला पंख हायत, मला संधिवात! म्हणावं, वर बस जरा!"

सरकली. पण आधी त्याची माफी मागून!

*

फादरांनी भिंतीवर रक्षकदूत रंगवायला पेंटर आणला. तेलुगू विणकराच्या घरातला, सिनेमाची पोस्टरं करणारा. चित्रावरचा पडदा काढला, तर दूताला ही झुपकेदार मिशी! फादर लालबुंद.

पेंटर म्हणाला, "राखण करणार म्हणता, आन् मिशी नको? मंग चोर भिणार कुणाला?"

मिशी पुसली. मला विचाराल तर दूत तेव्हापासून बिनकामाचा दिसायला लागला.

*

पास्कल प्यायचा. काम फाटक लावायचं, आणि हा भरदुपारी टाइट! रेल्वेच्या साहेबानं बजावलं, "आणखी एकदा सापडलास तर नोकरी गेली." आग्नेस म्हणाली, "आन् मीबी गेले."

फादरांनी बोलावून झापलं, "तू गुत्त्यात शिरतोस तेव्हा तुझा दूत दारात उभा राहून रडतो!"

"दारात कशाला, फादर? ऊन लई हाय. आत बोलवा की त्याला!"

*

शेवटी सापडलाच. पण साहेबाच्या आधी आग्नेसला! गाडी यायची वेळ आणि हा खाटेवर आडवा. तिनं स्वतः फाटक लावलं, गाडी जाऊ दिली, फाटक उघडलं आणि ट्रंक उचलून वळसंगला माहेरी गेली.

फादर समजवायला गेले. "आग्नेस, घरी चल. तुझा रक्षकदूत तुला वाट दाखवील."

"त्यो माज्यासंगंच आलाय, फादर. दोघांनी मिळून ठरवलंय!"

*

काही दिवसांनी निरोप आला, पास्कलनं दारू सोडली. आग्नेसचा विश्वास बसेना. मला सोबत घेऊन निघाली, ट्रंकेसकट. "खोटं निघालं तर मावशी, त्याचा उंबरा पुन्हा न्हाय."

पास्कल गुळगुळीत दाढी करून बसला होता. त्याच्यापुढं एक ग्लास, पालथा. शेजारी रिकामी खुर्ची, आणि तिच्यापुढं दुसरा ग्लास, दारूनं काठोकाठ भरलेला.

"ह्यो कुणाचा?" आग्नेसनं विचारलं.

"माज्या दूताचा. इतकी वर्षं मी प्यालो, त्यो बघत बसला. आता त्यो पिऊ दे, मी बघतो."

मी पुढं होऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. नुसता कांदा!

आग्नेसनं त्या खुर्चीकडं बघितलं. मग जन्मात थेंब न घेतलेल्या त्या बाईनं ग्लास उचलला, डोळे मिटले आणि घटाघटा रिकामा केला. तोंड वेडंवाकडं करत तो नवऱ्याच्या ग्लासाशेजारी पालथा घातला.

"त्योबी सुटला," ती म्हणाली. "मावशी, ट्रंक आत घ्या."