अळणी पथ्य

डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं होतं. मी मासे बंद केले, दूध बंद केलं आणि ऊनही बंद केलं. चूक माझी एकट्याची. डॉक्टरांसमोर मात्र ती मी बायकोवर जाऊ दिली.

मुलगी आठ वर्षांची. रक्ताचा कर्करोग. तो जाणार नाही हे आम्हाला सांगितलं होतं. आहेत ते दिवस तिनं आपल्या पायांवर फिरावं, एवढंच मागणं उरलं होतं. मुंबईच्या इस्पितळातून गोळ्या घेऊन आम्ही गावी, एडवणला परतलो. गोळ्यांनी तिचा चेहरा फुगला, भूक वाढली. सूज चढू नये म्हणून मीठ तोडायचं होतं. माझा धंदा सुक्या, खारवलेल्या मासळीचा. मीठ आणि मासा माझ्या डोक्यात कधी वेगळे झालेच नाहीत. त्यात आमच्याकडे बाप जेवढं कडक पथ्य पाळायला लावील, तेवढी त्याची माया मोठी. म्हणून दुधानं कफ होतो, उन्हानं ताप चढतो, हे मी माझ्या पदरचं घातलं.

"ताज्या मांदेलीत मीठ कुठलं?" बायको म्हणाली. "मासा म्हंजे लोणचं हाय?"

"मग समुद्रात काय साखर हाय?" मी म्हणालो. या उत्तरावर मी बरेच दिवस खूश होतो.

अंगणात काठ्यांवर बोंबील सुकत. मुलगी आत अंधारात बसून अळणी दुधी खाई.

पुढे ती पाठ दुखते म्हणू लागली. मला ते मासे मिळवायचं सोंग वाटलं. "पाठीला मांदेली चोळू काय?" मी विचारलं. ती हसली नाही. एका सकाळी उंबरठा ओलांडताना ती खाली बसल्यासारखी पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला पुन्हा मुंबईच्या इस्पितळात नेलं.

"या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, आजारानंही होतात," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर दूध, मासे, थोडं ऊन हवं. मी फक्त मीठ सांगितलं होतं. बाकीचं कोणी बंद केलं?"

मी पंख्याकडे पाहिलं.

"मीच," बायको म्हणाली.

डॉक्टर तिला बरंच बोलले. मी मान डोलावली.

पुढे घरात रोज ताजी मांदेली शिजू लागली, बिनमिठाची. मुलीची खाट मी सकाळी अंगणात काढत असे. बायको माझ्याशी कामापुरतं बोले.

इस्पितळात प्लास्टर कापलं त्या दिवशी मुलगी तिथल्या खाटेचा दांडा धरून उभी राहिली. पाय थरथरत होता, पण टेकला. मी डॉक्टरांना म्हणालो, "ते मी बंद केलं होतं. हिनं नाय."

"आता खाते ना?" त्यांनी विचारलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

मी बायकोला म्हणालो, "चुकलं माझं."

"मला मागनं सांगा," ती म्हणाली. "पयलं तिला."

मी मुलीजवळ खाली बसलो. "तुझी पाठ खरंच दुखत होती," मी म्हणालो. "मी खोटं समजलो. माझं चुकलं, बाय."