फाटकाकडची बाजू

आर्पाद सेमेरे एकोणिसाव्या वर्षी हंगेरीतून रात्री सीमा ओलांडून पळाला, तेव्हा त्याच्या खिशात एकही कागद नव्हता. त्यानंतर पन्नास वर्षं कॅल्गरीत काढली, पण गड्याचा सरकार नावाच्या वस्तूवर काडीचा विश्वास बसला नाही. बिस्किटांच्या डब्यात दोन देशांचे पासपोर्ट होते. आयुष्यभराची कमाई तेलाच्या आणि वायूच्या विहिरींतून दरमहा वाटा देणाऱ्या नऊ ट्रस्टांत विभागलेली होती. झोपायचा तो दाराकडच्या बाजूला, पलंगाखाली बूट ठेवून.

आता त्याला तिसरं नागरिकत्व हवं होतं, कुठल्याशा बेटाचं. अर्जावर बायकोची सही लागणार होती आणि मार्गित तीन आठवडे टाळत होती. वर दर गुरुवारी कुठे जाते तेही सांगेना. आर्पादचं डोकं फिरलं. ही आपल्याला सोडून जाणार, नाहीतर कर खात्यात जाऊन सगळं ओकणार! पिठाच्या डब्यामागे त्याला एक जाड पाकीट सापडलं, ते त्याने घाईघाईने फोडलं.

आत दफनभूमीतल्या जोड जागेचा कागद होता आणि थडग्याच्या दगडाचा फोटो. हंगेरीतल्या रीतीप्रमाणे दोघांचीही नावं आधीच कोरलेली, जन्मसालं घातलेली, पुढची जागा मोकळी.

"हे काय आहे?" तो ओरडला.

मार्गित आलुबुखार भरलेले उंडे वळत होती. "वाचता येतं ना? दर गुरुवारी दगडवाल्याच्या डोक्यावर बसून करून घेतलंय. तू हिंड बेटाबेटांवर. मी आता कुठे पळायची नाही."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने कागद उलटसुलट केला.

"जमिनीखालच्या तेलाचा हक्क कुणाचा आहे? उद्या तेलवाले खाली भोक पाडतील."

"पाडू देत. तुझ्याच ट्रस्टाचे असतील मेले!"

त्याला हसू आलं नाही. एकटं बेटावर जाऊन राहणं त्याला आता नको झालं होतं. त्याने बेटाचा अर्ज उचलला आणि पिठाच्या डब्यामागे सारला.

"यात दाराकडची बाजू कुणाची?" त्याने विचारलं.

"तिथे दार कुठलं रे?" मार्गितने पिठाचा हात पुसला. "फाटकाकडची तुझी घेतलीय."