करंगळी मिटायच्या आत

"आता बघ," असं म्हणून सर उजव्या हाताची पाचही बोटं उघडायचे आणि एकेक मिटत जायचे. मूठ वळली की उठून थिएटरबाहेर. सिनेमा अजून सुरूही झालेला नसायचा.

आमच्या कंपनीच्या प्रत्येक सिनेमाआधी येणारा तो पक्षी त्यांनी काढला होता. तुम्हीही पाहिला असेल. तेव्हा तुम्ही अंधारात आपली खुर्ची शोधत असता. सुगरण पक्षी काडी काडी विणतो, घरट्यातून कंपनीचं नाव तयार होतं. पाच सेकंद. हाताने काढलेली एकशेवीस चित्रं. त्यासाठी सर एक अख्खा पावसाळा धायरीत एका विहिरीकाठच्या बाभळीखाली बसले होते. तिथे आता पार्किंग आहे.

"विणतो नर, नाव मात्र सुगरण," ते म्हणायचे. "आपलंही तसंच. आपलं काम सगळ्या नावांच्या आधी येतं, म्हणून त्याला नाव नसतं."

मी तिसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या हाताखाली शिकायला लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सर बोलायला वाईट होते. लिहिताना संकोच वाटतो, पण खरं आहे. "हे कॉलेजात शिकवतात, की घरून आणलंस?" हे सगळ्यांसमोर. आई मंडईत लिंबं विकते हे कळल्यावर म्हणाले, "मग तिलाच विचार, नासकं लिंबू ती पाटीत वर मांडते का?" मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. परत यायचे, तर टेबलावर त्यांनी दुरुस्त केलेलं माझं चित्र ठेवलेलं असायचं.

घरटं अर्धं झालं की तो पक्षी थांबतो, मान वळवून मागे बघतो. बारा चित्रं, अर्धा सेकंद. "सर, तो का थांबतो?" मी एकदा विचारलं.

"मादी अर्धं घरटं बघून जाते. तिला पसंत पडलं नाही, तर तो ते सोडून देतो. तो वाट बघतोय." मग लगेच, "कळलं, की मंडईत जाऊन विचारू?"

गेल्या वर्षी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तो पक्षी मध्येच हँग झाल्यासारखा वाटतो गं. तेवढं काढून टाक. सिनेमाच्या शेवटी तुझं नाव देऊ. सरांना आत्ताच सांगू नकोस, चिडतील."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मला आईला पडद्यावरचं माझं नाव दाखवायचं होतं. काम वीस मिनिटांत झालं. नेमकी कुठली बारा चित्रं, हे सरांनीच शिकवलं होतं.

सिनेमा लागला त्या दिवशी सर म्हणाले, "चल, येतेस? पाच सेकंदांचं काम आहे." रिक्षात सांगता आलं असतं. मी ट्रॅफिकबद्दल बोलत राहिले.

अंधार झाला. बोटं उघडली. करंगळी अर्धी मिटली होती, तेवढ्यात कंपनीचं नाव येऊन गेलंसुद्धा. करंगळी तशीच राहिली.

"थांबला नाही," ते म्हणाले. मग, "कोणी केलं गं?"

"माहीत नाही, सर."

ते उठले नाहीत. सिनेमा विनोदी होता, लोक खो खो हसत होते. मध्यंतरात मी म्हटलं, "सर, जाऊ या ना."

"बस. कोणी केलं ते बघू दे."

लोक निघून गेले, नावं सरकायला लागली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. माझं नाव येऊ नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

आलं. वडिलांच्या नावासकट.

"अभिनंदन," सर म्हणाले. "आईला आणा हं बघायला."

सोमवारी ते आले नाहीत, नंतरही कधी नाहीत. माझा फोन उचलत नाहीत. आईला मी अजून नेलेलं नाही.

त्यांचं टेबल आता मला दिलंय. सकाळी आल्यावर मी आधी त्यावर बघते. दुरुस्त केलेलं चित्र नसतं.